मितानीन

छत्तीसगडी बोलीत मैत्री 'होत' नाही, ती 'बदतात'. दोन माणसे चारचौघांच्या साक्षीने एकमेकांच्या हाती काहीतरी ठेवतात. कधी जगन्नाथपुरीहून आलेला महाप्रसाद, कधी गंगेचे पाणी, कधी श्रावणातील भोजलीच्या विसर्जनानंतर हाती राहिलेले गव्हाचे पिवळसर कोवळे अंकुर. त्या क्षणापासून त्या वस्तूचे नाव हेच त्यांच्या नात्याचे नाव होते आणि पुढे जन्मभर ती एकमेकांना स्वतःच्या नावाने हाक मारीत नाहीत. बाजारात गाठ पडली की 'सीताराम, महापरसाद' किंवा 'सीताराम, भोजली' एवढेच म्हणतात. मितानाची आई ती आपली फूलदाई, वडील ते फूलददा. त्यांच्या घरचे लग्न आणि त्यांच्या घरचे मरण, दोन्ही आपलीच. जात एक असली पाहिजे असा निर्बंध नाही. पुष्कळदा ती वेगळी असते, आणि एरवी ज्या उंबरठ्यावर पाऊल थबकले असते तो या नात्याच्या आधाराने सहज ओलांडला जातो. मित्र तो मितान, मैत्रीण ती मितानीन.

मराठीत या नात्याला नेमका शब्द मला सापडलेला नाही. सखी म्हणावे तर त्यात कवितेचा सुगंध फार. मैत्रीण म्हणावे तर कर्तव्याचा भाग उणा पडतो. नागपूरकर भोसल्यांच्या मागोमाग अठराव्या शतकात मराठी घरे या मुलखात येऊ लागली, आणि १९५६ पर्यंत नागपूर व रायपूर ही एकाच प्रांतातील शहरे होती. इतक्या दीर्घ सहवासात आम्ही इकडून अमारीची भाजी घेतली (ती म्हणजे आपली अंबाडीच), 'बासी' हा शब्द घेतला, बोलताना मधूनच हिंदीचा हेल घेतला. मितान मात्र आम्ही फारसे बदले नाहीत. माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्र्याहून जे मासिक काढले त्याचे नाव 'छत्तीसगढ मित्र' होते. पण तो मित्र छापील होता. तात्यापाऱ्यात वाढलेल्या आमच्यासारख्या मुलींच्या कानांवरून मितानीन हा शब्द लहानपणापासून जात असे. तो एक दिवस सरकारी कागदावर येईल असे कुणालाही वाटले नव्हते.

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड हे वेगळे राज्य झाले. डॉक्टर थोडे, त्यातले बहुतेक रायपूर, दुर्ग, बिलासपूरकडे; आणि माणसे रानात विखुरलेल्या वाड्यावस्त्यांतून. येथे वस्तीला पारा म्हणतात. एकेका गावाचे चार-पाच पारे, त्यांच्यामध्ये शेते, नाले, क्वचित डोंगरही. २००२ साली राज्याने आरोग्यसेविकांचा जो कार्यक्रम आखला त्यात प्रत्येक पाऱ्याला त्याच पाऱ्यातली, पाऱ्यानेच निवडलेली एक बाई असावी असे ठरले. गावाला एक नव्हे, पाऱ्याला एक. या बारकाव्यात मला सारा शहाणपणा दिसतो. कलाजथे गावोगाव फिरले, सभा झाल्या, बायका निवडल्या गेल्या, त्यांना प्रशिक्षण आणि औषधांची पेटी मिळाली; आणि त्यांना 'मितानीन' म्हणायचे ठरले. हे नाव ज्या कुणाला सुचले त्याला या भूमीचे मन कळले होते यात शंका नाही. आज त्यांची संख्या सत्तर हजारांच्या घरात आहे. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून देशभर 'आशा' उभी राहिली तिच्यामागे हा अनुभव होता. २०१२ पासून शहरांतील गरीब वस्त्यांतही मितानिनी आल्या. त्यामुळे रायपूरसारख्या शहरात राहणाऱ्या मला त्यांच्यापैकी एकीला जवळून पाहता आले.

आरंभी त्यांचे काम तान्ह्या बाळांचे, बाळंतिणींचे, हगवणीचे आणि हिवतापाचे होते. ही दुखणी दिसतात. मूल सुकते, अंग तापते, माणूस थरथरतो. मदतीला कुणी आले तर घर त्याला आत घेते. पुढे ज्या कामाची त्यात भर पडली त्याची जात वेगळी आहे. रक्तदाब वाढलेल्या माणसाला बहुधा काही होत नाही. तो हसतो, जेवतो, गवंड्याच्या हाताखाली विटा वाहतो. त्याच्या धमन्यांच्या भिंतींवर मात्र रक्ताचा मार वर्षानुवर्षे बसत राहतो. त्या जाड आणि ताठ होतात, आतून खरबरीत होतात, आणि मग एखाद्या पहाटे हृदयाची किंवा मेंदूची वाट बंद होते. जे दुखत नाही ते दुखणे आहे हे पटवायचे कसे, हा या कामातला मूळ प्रश्न आहे.

माझे वडील १९८४ च्या हिवाळ्यात गेले. वय त्रेपन्न. रात्री जेवणानंतर छातीत जड वाटते म्हणाले. घरातील मोठ्यांनी हिंगाचे पाणी दिले, पाठ चोळली, वातविकार म्हणून समजूत घातली. पहाट त्यांनी पाहिली नाही. पुढे कितीतरी दिवसांनी मी आईला विचारले, की त्यांचा रक्तदाब कधी कुणी मोजला होता काय? तिला आठवेना. आमच्या ओळखीत दोन डॉक्टर होते, इस्पितळ सायकल-रिक्षाने पंधरा मिनिटांवर होते, घरात वर्तमानपत्र येत होते. धडधाकट दिसणाऱ्या माणसापाशी बसून 'जरा हात पुढे करा' म्हणणारे असे तेवढे कुणी नव्हते.

असे माणूस अजूनही बहुतेकांना लाभलेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे भारतात तीस ते एकोणऐंशी या वयातील सुमारे १९ कोटी माणसांचा रक्तदाब वाढलेला आहे. त्यातल्या जेमतेम ३७ टक्क्यांना तो ठाऊक आहे, आणि तो आटोक्यात आहे अशी माणसे अवघी १५ टक्के. औषध दुर्मिळ म्हणावे तर तसेही नाही. रक्तदाबाची साधी गोळी स्वस्त आहे, सरकारी केंद्रात फुकट आहे. माणूस आणि ती गोळी यांच्यामधले अंतर कुणीतरी रोज चालून जावे लागते.

आमच्या घरी अठरा वर्षे कामाला येणारी बाई जवळच्या तलावामागील वस्तीत राहते. २०१९ च्या पावसाळ्यात एका सकाळी दाराशी एक किरकोळ बांध्याची, चाळिशीची बाई उभी राहिली. खांद्याला कापडी पिशवी, हातात रजिस्टर. 'तुमच्याकडे अमुक काम करते ना?' तिने विचारले. ही त्या वस्तीची मितानीन. तिचे नाव मला ठाऊक आहे, पण मितानिनीचे नाव घेऊ नये हा येथला संकेत मी या लेखापुरता पाळते. आमच्या बाईने तीन आठवड्यांपासून गोळ्या घेणे सोडले होते आणि मितानीन आली की ती घरात सापडत नव्हती. म्हणून हिने कामाची जागा गाठली होती.

आमच्या मागच्या ओट्यावर त्या दोघींचा जो संवाद झाला तो मी भाजी निवडता निवडता ऐकला. बाईचा मुद्दा एकच: 'मोला कुछु नइ होय हे.' मला काही झालेले नाही. मितानिनीने रोगाचा विषय काढलाच नाही. गोळ्या ठेवल्या कुठे, एवढेच ती विचारीत राहिली. हळदीच्या डब्यात. का सोडल्या? शेजारणीने सांगितले, की या गोळ्यांची सवय लागते. एकदा धरली की सुटत नाही. मितानीन म्हणाली, 'आणि सकाळच्या गुडाखूची सवय लागत नाही वाटते?'

गुडाखू ही वस्तू महाराष्ट्रात फारशी माहीत नाही. तंबाखूची भुकटी आणि गूळ-काकवी मळून केलेली ही काळी, ओलसर पूड डबीत मिळते. बोटावर घेऊन ती हिरड्यांना चोळायची. दात घासणे हे निमित्त. खरे काम तलफेचे. सकाळी तलावाच्या काठी, अंगणात, नळावरच्या रांगेत बायका तासन्‌तास घासत बसतात. पोट साफ होते, डोके हलके होते, भूक मरते असे तिचे गुण सांगतात, आणि शेवटचा गुण ज्या घरांत लागतो त्या घरांविषयी पुष्कळ काही सांगून जातो. देशव्यापी तंबाखू पाहणीत, २०१६-१७ साली, छत्तीसगडमधील सुमारे ३९ टक्के प्रौढ माणसे कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेताना आढळली. विडी ओढली नाही म्हणजे हृदय वाचले असे नाही. निकोटिन हिरडीतूनही रक्तात उतरते, नाडी वाढवते, रक्तवाहिन्या आवळते.

मितानिनीच्या त्या टोल्यावर आमची बाई क्षणभर गप्प राहिली, मग शांतपणे म्हणाली, 'तूही घासतेसच की.' हे खरे होते. मितानिनीच्या हिरड्या काळवंडलेल्या होत्या. एखादी शिकलेली नर्स येथे ओशाळली असती किंवा रागावली असती. हिने रजिस्टर मिटले. 'बरे,' ती म्हणाली, 'मी गुडाखू सोडते, तू गोळी धर.' आणि दोघींनी तसे कबूल केले. गुडाखू सोडणे तिला सोपे गेले नाही. पहिल्या महिन्यात डोके दुखले, भावाच्या घरच्या लग्नात ती पुन्हा डबीकडे वळली, परतल्यावर पुन्हा सोडली. बाई तिची हिरडी तपासायची आणि ती बाईची पट्टी. कोणत्या प्रशिक्षणपुस्तिकेत ही युक्ती लिहिलेली असेल असे मला वाटत नाही.

त्यानंतर ती आमच्याकडेही येऊ लागली. आमचे घर तिच्या कामाच्या हद्दीत येत नाही. शहरी मितानीन गरीब वस्तीपुरती आहे. पण ओट्यावर पाणी प्यायला बसली की तिची नजर स्वयंपाकघरात फिरे. एकदा चैत्रात आमच्या गच्चीवर कुरडया, पापड आणि सांडगी मिरच्या वाळत होत्या, आत लोणच्याच्या बरण्या भरल्या जात होत्या. ते सारे पाहून ती वहिनींना म्हणाली, की आमच्याकडे मीठ ताटाच्या कडेला उघडे बसते, तुमच्याकडे ते लपून राहते. हृदयविकारावरची पुष्कळ व्याख्याने मी मंडळाच्या सभागृहात ऐकली आहेत; इतके नेमके वाक्य त्यांत ऐकले नव्हते. दिवसाकाठी ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या एका चमच्यापेक्षाही कमी मीठ प्रौढ माणसाने खावे अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. एवढे तर आमच्याकडच्या डाव्या बाजूच्या वाढण्यातच संपते.

वस्तीतल्या मिठाची कथा निराळी. रात्रीचा उरलेला भात पाण्यात भिजत घालून सकाळी खाणे, म्हणजे बोरे किंवा बासी, हा येथील कष्टकऱ्यांचा आहार. उन्हाळ्यात तो पोटाला थंडावा देतो, आणि त्याला नावे ठेवण्याचा उद्योग शहाण्या माणसाने करू नये. पण भाताला चव मिठाची. कांदा, हिरवी मिरची आणि 'अथान' म्हणजे लोणचे, एवढेच तोंडी लावणे. भाजीला पैसे नसले की मीठच भाजीचे काम करते. मितानीन बासी सोडा असे सांगत नाही. अमारीची आंबट भाजी किंवा ताक घ्या, मीठ एकदाच घ्या, दुसऱ्यांदा हात नेऊ नका, असे सांगते. तिच्या स्वतःच्या ताटातही बासीच असते, म्हणून तिचे ऐकतात.

तिच्या पिशवीतला एक छापील फॉर्म मी मुद्दाम वाचून पाहिला. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकासाठी तो भरायचा असतो. वय किती, तंबाखू आणि दारू घेता काय, कमरेचा घेर किती, शरीरश्रम आठवड्याला किती, आईवडिलांत कुणाला रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार होता काय. प्रत्येक उत्तराला गुण. बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाला तपासणीसाठी आधी न्यायचे. रक्तदाबाचे यंत्र नर्सपाशी असते. तिथवर माणूस आणणे मितानिनीकडे. फॉर्म चांगला आहे, पण तो ज्यांनी आखला त्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा पोट सुटलेला माणूस होता. या वस्तीतले हमाल आणि रेजा (बांधकामावर राबणाऱ्या बायकांना येथे रेजा म्हणतात) काटकुळे. त्यांना कमरेच्या घेराचे गुण शून्य आणि श्रमाचेही शून्य. बिलासपूरजवळ गनियारी येथे जन स्वास्थ्य सहयोगाच्या डॉक्टरांनी अनेक वर्षांच्या अनुभवातून दाखवून दिले आहे, की रक्तदाब आणि मधुमेह हे लठ्ठ सुखवस्तूंचेच रोग नव्हेत. अर्धपोटी, हडकुळ्या माणसांनाही ते गाठतात, आणि गाठले की लवकर नेतात. आमच्या मितानिनीने यावर स्वतःपुरता तोडगा काढला आहे. बेरीज काहीही येवो, तिशी ओलांडलेल्या सर्वांना ती नर्सच्या दिवशी आणते.

हा विचार अर्थातच एकट्या छत्तीसगडचा नाही. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्याच, पुष्कळदा निरक्षर आणि दलित बायकांच्या हाती आरोग्याचे काम दिले. दल्ली-राजहराच्या खाणकामगारांनी शंकर गुहा नियोगींच्या नेतृत्वाखाली १९८३ साली आपल्या वर्गणीतून आणि श्रमातून शहीद हॉस्पिटल उभे केले, तेव्हा कामगारच तेथे आरोग्यसेवक झाले. आणि आमच्या सरहद्दीला लागून असलेल्या गडचिरोलीत अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९८६ पासून जे काम चालवले ते महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको. तान्ह्या मुलांना घरच्या घरी वाचवणारे तेथील आरोग्यदूत जगभर माहीत झाले. याच गडचिरोलीतून २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाची चर्चा मात्र त्या मानाने थोडी झाली. गावोगावच्या मृत्यूंची कारणे घरच्यांना विचारून नोंदली, तेव्हा पहिल्या क्रमांकावर निघाला पक्षाघात. सुमारे सात मृत्यूंमागे एक. त्यांतील बहुतेक माणसे घरीच गेली होती. जी पोरे एके काळी न्यूमोनियातून वाचवायची होती, त्यांच्या आजी-आजोबांना आता लकवा नेत होता. हिवताप आणि हगवण यांच्याशी झगडणाऱ्या मुलखाला श्रीमंतांचे म्हणून समजलेले रोगही वाट्याला आले आणि जुने गेलेले नाहीत.

सातासमुद्रापलीकडे अमेरिकेतही, मेक्सिकोच्या सरहद्दीवरील आणि मोठ्या शहरांतील स्पॅनिशभाषक स्थलांतरितांमध्ये, अशाच बायका काम करतात. त्यांना 'प्रोमोतोरा' म्हणतात. तेथील राष्ट्रीय हृदय, फुप्फुस व रक्त संस्थेने १९९० नंतरच्या दशकात त्यांच्यासाठी 'सालुद पारा सु कोरासोन', म्हणजे 'आपल्या हृदयासाठी आरोग्य', हा कार्यक्रम काढला. शेतमजुरी करणारी, विमा नसलेली, इंग्रजी न येणारी कुटुंबे. दवाखान्यात जायची भीती. आणि दाराशी आलेली आपल्याच भाषेत बोलणारी बाई. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ती डुकराच्या चरबीऐवजी तेल वापरायचे, मीठ कमी करायचे, सायंकाळी चार जणींनी मिळून चालायला जायचे, असे शिकवते. हे वाचताना मला विशेष वाटले ते एका शब्दाचे. त्या समाजात मुलाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी जी धर्ममाता होते ती मुलाच्या आईची 'कोमाद्रे' होते. रक्ताचे नाते नसताना विधीने बांधलेले, जन्मभराचे नाते. जिवाभावाच्या शेजारणीलाही मग कोमाद्रेच म्हणतात. मितानीन हा शब्द त्यांना समजावून सांगायला फार वेळ लागणार नाही.

अशा कामाचा उपयोग होतो काय, हे मोजूनही झाले आहे. बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंका या तीन देशांतील तीस ग्रामीण वस्त्यांमध्ये आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन रक्तदाब मोजला, सल्ला दिला, गरज असेल त्याला डॉक्टरकडे धाडले. त्यांना प्रशिक्षित डॉक्टरांची जोड होती. दोन वर्षांनी वरचा रक्तदाब इतर वस्त्यांपेक्षा सरासरी पाच अंकांनी अधिक उतरलेला दिसला. निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. पाच अंक म्हणजे काय मोठे, असे कुणी म्हणेल. पण एका माणसाच्या बाबतीत क्षुल्लक वाटणारा हा फरक लाखो माणसांत पडला की कितीतरी घरांतल्या पहाटा बदलतात. तरी त्यातली अट विसरता कामा नये: मागे डॉक्टर हवा आणि गोळी हवी. २०१७ साली महाराष्ट्रासह पाच राज्यांत सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाने हेच सूत्र धरले. उपचाराची एकच सोपी रीत, घराजवळ तपासणी, आणि गोळ्या एका वेळी पुऱ्या महिन्याच्या. आमच्या बाईला जेथून गोळ्या मिळत त्या केंद्रात कित्येक महिने आठवड्यापुरत्याच देत. दर आठवड्याला अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून फुकटची गोळी आणायची, म्हणजे ती फुकट कशी?

पुरुषांचा प्रश्न आणखी अवघड. हृदयविकार पुरुषांना तरुणपणी गाठतो आणि मितानिनीला घरी सापडते ती बाई. पुरुष पहाटे नाक्यावर मजुरीला उभे राहतात, परततात ते रात्री, काही जण दारू घेऊनच. बाईमाणसापुढे हात पसरून दंड बांधून घ्यायचा हे त्यांना कमीपणाचे वाटते. छत्तीसगडात आठवडी बाजारात फिरता दवाखाना नेण्याची योजना २ ऑक्टोबर २०१९ रोजी सुरू झाली, ती मला या दृष्टीने शहाणपणाची वाटली. बाजाराला पुरुष येतातच. शहरात मात्र आमच्या मितानिनीने रविवारी सकाळी वस्तीतल्या न्हाव्याच्या दुकानापाशी नर्सला बसवून पाहिले. दाढीला आलेला माणूस तसाही खुर्चीत अडकलेला असतो. दोन रविवार हे जमले. तिसऱ्या रविवारपासून नर्सला सुट्टीचा दिवस मोडणे शक्य झाले नाही.

आता थोडे पैशाविषयी. १४ एप्रिल २०१८ रोजी देशातील पहिले आरोग्य व स्वास्थ्य केंद्र छत्तीसगडमध्येच, बिजापूर जिल्ह्यातील जांगला येथे, पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झाले. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने देशातील आशांना गौरविले. सन्मान कमी झालेले नाहीत. पण मितानीन ही कायद्याच्या दृष्टीने नोकर नाही, स्वयंसेविका आहे. तिला मिळते ती मुख्यतः कामागणिक प्रोत्साहनरक्कम. बाळंतपण मोजता येते, लसीची सुई मोजता येते. वर वर्णन केलेला फॉर्म भरल्याबद्दल राष्ट्रीय कार्यक्रमात १० रुपये ठरले. आणि जो झटका आला नाही त्याचे? ज्या पहाटे कुणी छातीला हात लावून बसले नाही त्या पहाटेची नोंद कोणत्या रकान्यात करायची? मैत्रीण म्हटले की मोबदल्याची भाषा ओशाळवाणी होते, आणि या ओशाळेपणाचा लाभ शासनाने दीर्घकाळ घेतला आहे असे मला स्पष्टपणे वाटते. मितानिनी अनेकदा रायपूरच्या रस्त्यावर धरणे देऊन बसल्या तेव्हा 'सेवाभाव कुठे गेला' असे म्हणणारे सुशिक्षित मी ऐकले. मितान बदताना देणे दोन्ही बाजूंनी असते, हे त्यांना कुणी सांगितले नसावे.

२०२० च्या टाळेबंदीत केंद्राकडे जाणारे रस्ते अडले तेव्हा तिने चाळीसेक माणसांच्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून घरोघर पोचवल्या. तोंडाला साडीचा पदर, उन्हाचा कडाका. त्या वर्षी तिचे स्वतःचे वजन घटले, झोप उडाली. पुढच्या हिवाळ्यात नर्सच्या दिवशी सर्वांचे मोजून झाल्यावर आमच्या बाईने तिला खुर्चीत बसवले. तोवर तिचा दंड कुणी बांधला नव्हता. १६४ वर १०२. नर्सने पुन्हा मोजले; दोन अंकांचा फरक. मितानीन हसली आणि म्हणाली, 'मला काही होत नाही.' आमची बाई हसली नाही.

गोळी सुरू झाली. सकाळी रजिस्टर घेऊन निघायच्या घाईत ती विसरे, किंवा विसरले असे सांगे. बाईला अक्षरओळख नाही, पण मोजता येते. पुढच्या मंगळवारी आमच्याकडची भांडी आटोपून ती सरळ मितानिनीच्या घरी गेली आणि गोळ्यांची पट्टी मागून घेतली. दहाच्या पट्टीत चार शिल्लक होत्या. तीनच असायला हव्या होत्या.